अण्णांचे डोळे आणि माझी कम्युनिटी

८ जानेवारी २००७, सोमवार

आज ऑर्कुटवर कम्युनिटी काढली. 'नेत्रदान : अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर'. कंपनीतली पोरं ऑर्कुटवर मुलींना 'फ्रेंडशिप करोगी?' विचारत बसतात. मी त्याच ऑर्कुटवर समाज बदलणार. उल्हासनगरात कॅम्प पाचच्या लच्छूभाईंच्या सायबर कॅफेत हे ऐतिहासिक काम पार पडलं. लच्छूभाई म्हणाले, साईं, इतना टाइम बैठोगे तो ठंडा भी ले लो. घेतलं.

घरी यशोधराला सांगितलं. तिने लगेच विचारलं, तुमचा स्वतःचा फॉर्म भरला का? बायकोला मुद्दा कळत नाही. संस्थापकानेच पहिलं नाव घातलं तर लोक म्हणतील, याला प्रसिद्धी हवी. माझ्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकायचा तर दोघांना मला धरावं लागतं, हे तिने शेजारी सांगायचं कारण नव्हतं.

१५ जानेवारी

मेंबर नऊ. त्यातले दोन मीच. दुसरं अकाउंट चुकून उघडलं गेलं. राहू दे, गर्दी दिसते.

काल विहारात वंदना झाल्यावर विषय काढला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहाकडे गेले.

२१ जानेवारी, रविवार

बदलापूरला शिरगावात कैलास म्हणून एक आहे. त्याचीही कम्युनिटी आहे. 'दृष्टी बदलापूर'. मेंबर शंभरावर. आणि त्यांच्यामुळे दोन आजींचे डोळे खरोखर दिले गेले. फोटोसकट टाकलंय. आमच्याकडे भोपळा. मोठ्या मनाने त्याच्या पानावर अभिनंदनाचा स्क्रॅप टाकला. जेवण गेलं नाही.

अंबरनाथची माणसं मरत नाहीत का? यशोधरा म्हणाली, असलं बोलायचं तर आधी खिडकी लावा.

२३ जानेवारी

उपाय डोक्यावरच होता. तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर वर. कमळाकर अण्णा. काडेपेटीच्या कारखान्यातून रिटायर होऊन जमाना झाला. ऐंशी केव्हाच ओलांडली. बायको गेली, मुलगी संजीवनी पनवेलला, एकटेच राहतात. आणि पेपर बिनचष्म्याने वाचतात. बिनचष्म्याने! असे डोळे वाया जाणं हा समाजावर अन्याय आहे.

संध्याकाळी सात वाजता सहज म्हणून वर गेलो. तब्येत विचारली. ठणठणीत आहे म्हणाले. जरा वाईट वाटलं.

३० जानेवारी

रोज सातला जातो. अण्णांना वाटतं, मी गप्पा मारायला येतो. रमी खेळतो. माझं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे, त्यामुळे रोज हरतो.

आज विषय काढला. लांबून. म्हटलं, अण्णा, माणूस जातो, पण नजर मागे राहू शकते. ते म्हणाले, राजा, सरळ बोल ना, डोळे हवेत ना तुला? घे. पण मी गेल्यावर. फॉर्मवर सही केली. एवढंच म्हणाले की संजीवनीला एवढ्यात सांगू नकोस, ती जीव टाकते. मग खोबऱ्याची वडी दिली.

केवढं मोठं मन. वडी कडक होती.

५ फेब्रुवारी

कम्युनिटीवर अण्णांचा फोटो पत्त्यासकट टाकला. खाली लिहिलं, 'आमचे पहिले दाते'. कैलासने विचारलं, कधी वारले? मी लिहिलं, प्रक्रिया सुरू आहे.

अण्णांची नात प्रीती पुण्यात नोकरी करते. तीही ऑर्कुटवर सापडली. तिला मेंबर करून घेतलं. अण्णांनी मुलीला सांगू नकोस म्हटलं होतं, नातीचं काही बोलले नव्हते.

१४ फेब्रुवारी

अण्णांना सर्दी. खोकलाही आहे. कम्युनिटीला 'तयारीत राहा' कळवलं. यशोधराने आल्याचा काढा करून वर पाठवला. ही कोणाच्या बाजूने आहे, कळत नाही.

१७ फेब्रुवारी

अण्णा बरे. रमीत पुन्हा हरवलं मला.

२२ फेब्रुवारी

एक शोध लागला. लोकांना मोठं वाचायचा कंटाळा असतो. म्हणून यापुढे एका वेळी एकच ओळ टाकायची, पुढची थोड्या वेळाने. टीव्हीच्या मालिकांसारखं. उत्सुकता टिकते. आज पहिल्या ओळीत लिहिलं, 'अंबरनाथकरांनो, जागे व्हा.' दहा मिनिटांत तिघांनी विचारलं, पाणी आलं का? संवाद सुरू झाला हे महत्त्वाचं.

१० मार्च, शनिवार

सकाळी अण्णांचं पोट दुखायला लागलं. यशोधरा त्यांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली. मीही निघालो होतो. ती म्हणाली, तुम्ही नको, तुम्हाला बघून त्यांना टेन्शन येईल.

मग मी कॅम्प पाचला गेलो. मेंबरांना कळवणं माझं कर्तव्य. पद्धतीप्रमाणे पहिली ओळ टाकली, 'अण्णा गेले.' दुसरी तयारच होती, 'दवाखान्यात. पोट साफ होत नाही म्हणून.' ती टाकणार एवढ्यात लाइट गेली. लच्छूभाई म्हणाले, लोडशेडिंग है, अब शाम को आना.

मोबाइलची बॅटरीही संपली होती. घरी येऊन आडवा झालो.

११ मार्च, रविवार

काल पुढे जे झालं ते नीट लिहून ठेवतो. उद्या कोणी काहीही बोलेल.

दुपारी गलक्याने जाग आली. खाली माणसंच माणसं. कैलास शिरगावहून हार घेऊन आलेला. कम्युनिटीतले बरेच जण पांढरे शर्ट घालून. ऑनलाइन माणसं पहिल्यांदाच प्रत्यक्ष जमली, हे यश कोणी बोलत नाही. नेत्रपेढीची गाडीही उभी. कैलासने फोन केला होता. डोळे काही तासांतच काढावे लागतात म्हणे, म्हणून घाई. आणि सुमोतून संजीवनीताई उतरल्या. प्रीतीने ऑर्कुट बघून पुण्याहून आईला कळवलं होतं. ताई वर गेल्या. अण्णांच्या दाराला कुलूप. त्या तिथेच दाराला डोकं टेकून बसल्या. रडणं आमच्या घरात ऐकू येत होतं.

कोणीतरी मला विचारलं, बॉडी कुठाय?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगणारच होतो. फक्त योग्य शब्द सुचत नव्हते. ते शोधायला गच्चीवर गेलो.

पुढचं पाण्याच्या टाकीमागून दिसलं तेवढं, बाकीचं यशोधराकडून कळलं. रिक्षा थांबली. अण्णा आणि यशोधरा उतरले. अण्णांनी गर्दी बघितली, चप्पल काढली आणि सगळ्यांच्या मागे हात जोडून उभे राहिले. हळूच कैलासला विचारलं, कोण गेलं? कैलास वर गॅलरीकडे बघत होता. मान न वळवता म्हणाला, अण्णा. अण्णांनी विचारलं, कुठले? तो म्हणाला, इथलेच, तिसऱ्या मजल्यावरचे. अण्णा म्हणाले, अरेरे. थोड्या वेळाने म्हणाले, पण तिसऱ्या मजल्यावर तर मी राहतो.

कैलासच्या हातून हार पडला.

संजीवनीताई जिन्यावरून धावत खाली आल्या आणि अण्णांच्या गळ्यातच पडल्या. काय घडलंय ते अण्णांना सांगितलं गेलं. मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मेलो म्हटल्यावर दोन तासांत पोचलीस गं. दिवाळीला गाडी मिळत नव्हती."

ताई म्हणाल्या, अण्णा, बॅग भरा, माझ्याकडे चला. अण्णांनी विचारलं, जबरदस्ती आहे का? ताई म्हणाल्या, हो, आहे. अण्णा खाली वाकून बराच वेळ चप्पल घालत राहिले. यशोधरा म्हणते, डोळे पुसत होते. गच्चीवरून एवढं दिसत नाही.

नेत्रपेढीच्या बाई निघाल्या, तेव्हा अण्णांनीच त्यांना थांबवलं, खुर्ची मागवली. जमलेल्यांना म्हणाले, माझ्यासाठी हार घेऊन आलात ना, मग आता सह्या करून जा. अख्ख्या बिल्डिंगने केल्या. कैलासने सगळी नावं 'दृष्टी बदलापूर'च्या खात्यात मांडली. मी जोरदार हरकत घेतली असती. टाकीमागे होतो.

अण्णांनी हार उचलून स्वतःच गळ्यात घातला. म्हणाले, ताजा आहे, वाया कशाला?

१३ मार्च

अण्णा पनवेलला गेले. हे असं सलग लिहायचं, हा नवा संकल्प.

निघताना त्यांनी आमची बेल वाजवली होती. मी दार उघडलं नाही. अंगात ताप होता. थर्मामीटर सापडला नाही, पण असावा.

परवा संजीवनीताई मला जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. आवाज दुसऱ्या विंगपर्यंत गेला होता, तिथे कोणालाही विचारावं.

१८ मार्च

लच्छूभाईंकडे गेलो. कम्युनिटीवर एकच चर्चा, अण्णा कसे आहेत? मला एकानेही विचारलं नाही, तुम्ही कसे आहात? समाजकार्य करणाऱ्याची कदर आपल्याकडे नाही. आता रस्त्यांवरच्या खड्ड्यांसाठी कम्युनिटी काढावी म्हणतो. खड्ड्यांना नातेवाईक नसतात.

२५ मार्च, रविवार

संध्याकाळी यशोधराच्या मोबाइलवर अण्णांचा फोन. ही किती वेळ हसतेय. मी शेजारी उभा राहून खुणा करत होतो, मला दे. तिने पाठ फिरवली. फोन ठेवल्यावर सांगितलं की अण्णांना तिथे करमत नाही, पण नात शनिवार-रविवार येते, लेक समोर बसून जेवायला वाढते, वजन वाढलंय. मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाले?

ती म्हणाली, "म्हणाले, त्याला सांग, माझी तब्येत झकास आहे. त्याने आता दुसरं कोणीतरी बघावं."

मी म्हटलं, बघतोच आहे. आपल्या बिल्डिंगमध्ये म्हाताऱ्यांना काय तोटा.

मग सात वाजले. वर जाऊन कुलूप बघून आलो.