ऑर्किडची दोन पिल्लं

९ फेब्रुवारी
निलेशचं ऑर्किड गेलं! मधला कोंब काळा पडला होता, हात लावला तर उपटूनच आला. जुन्या फुलदांड्यावरची दोन पिल्लं तेवढी हिरवी आहेत. सासूबाई म्हणाल्या, "मुळां बोटभर होऊ देत, मगे काप."
नवरा गेला, आता त्याचं झाडही. उरले मी — डबा, ऑफिस, आईंचे गुडघे. कंटाळलेय.

१६ फेब्रुवारी
नणंद आली, सीमाताई. "सुचित्रा, किती दमलीस गं! आईला आता मीच नेते कॉटन ग्रीनला, कायमची." नको म्हणायला हवं होतं का? अंगात त्राणच नव्हतं. आईंनीही बोचकं काढून ठेवलं.

२२ फेब्रुवारी
आज पिल्लं काढली. ब्लेड गॅसवर तापवलं, कापल्या जागी दालचिनीची पूड चोपडली. दह्याच्या डब्यांना भोकं पाडून कोळसा नि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरले. एकाची मुळं बोटभर, दुसऱ्याची जेमतेम नखाएवढी. थांबायला हवं होतं, पण आई उद्या निघणार.
बोटभर मुळांचं त्यांनी सीमाताईंसाठी ठेवलं. मरतुकडं मला! शेवटी पोटची ती पोटचीच. फार राग आला.
आणि देताहेत कोण, तर आई! आमच्या गॅलरीतलं एकही झाड त्यांनी मागून आणलेलं नाही. मागितलेलं लागत नाही, चोरलेलंच लागतं म्हणे. अख्ख्या नायगावच्या कुंड्यांना हात लावून झालाय. शेजारणी बघून न बघितल्यासारखं करतात.

२३ फेब्रुवारी
आई गेल्या. ढाराढूर झोपले.

२ मार्च
एकटीसाठी काय कुकर लावायचा? चहा-पाव खाल्ला.

९ मार्च
माझं पिल्लू मेलं. मुळंच धरली नाहीत. आईंना फोनवर सांगितलं, तर "बरां" म्हणून ठेवूनच दिला. एवढंच! रडले खूप. झाडासाठी नाही.

१२ मार्च
ऑफिसातून आले तर दारात आई, बोचक्यावर बसलेल्या. पदराखालून दह्याचा डबा काढला — सीमाताईंचं पिल्लू, नवं पान फुटलेलं!
"सीमाक म्हायत नाय. चोरून हाडलंय. आता लागतला."
"आणि तुम्ही परत कधी जाणार?"
"चोर परत खंय जाता गो?"
कुकर लावलाय. दोघींचा.