बांबूची भुकटी

पोलादपूर,
१७ फेब्रुवारी २००८

प्रिय संजीवनी,

तुला आणि काकूंना नमस्कार. उमरठला अजून थंडी असेल. इकडे आई बरी आहे. गाय व्यायली, पाडी झाली. वर्षभर पत्र नाही म्हणून तू रागावली असशील, असं लिहिणार होते. पण राग पत्राचा नाही, हे मला ठाऊक आहे.

कारखान्यातलं सांगते. तू गेल्यावर पिशव्या भरायला तुळजाबाईंना लावलं. बांबूच्या लगद्याची तीच भुकटी, फक्त आता आणखी बारीक करतात. हातात घेतली तर वजन लागत नाही, उडाली की खाली बसत नाही. दोन महिन्यांत बाई खोकायला लागल्या. जिना चढल्या की खांब धरून उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "ललिता, छातीत कापूस भरल्यागत वाटतंय गो. साहेब म्हणतो, झाडाचीच हाय, काय होत नाय."

छातीत असंच होतं, हे तूही सांगायचीस. चांगला मास्क मागायचीस.

मी त्यांना महाडच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "खोकला भुकटीनेच झाला, असं आज सांगता येणार नाही. पण झाडाची आहे म्हणून फुप्फुसाला चालते, हे तरी कुणी तपासलंय? इतकं बारीक काही पार आतपर्यंत जाऊ शकतं. आधी कुणाला त्रास झाला होता का?"



संजू, तू मास्क मागत होतीस तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, "संजीवनीला आधीपासून त्रास होता का?" मी म्हटलं, "हो, लहानपणापासून दमा आहे." शाळेतून तुझ्या घरी यायचो तेव्हा चढावर माझंही दप्तर तूच घ्यायचीस. तरी म्हटलं. तुला काढलं आणि मला सुपरवायझर केलं.

गेल्या सोमवारी कारखाना निरीक्षकांना सगळं लिहून दिलं, माझ्या खोट्यासकट. साहेबांनी त्याच दिवशी मला घरी बसवलं. हवेतली भुकटी मोजून होईपर्यंत तो विभाग बंद आहे. तुळजाबाई घरी आहेत, खोकला थोडा कमी आहे.

२८ तारखेला महाडला सगळ्या बायकांची छातीची तपासणी आहे, काम सोडलेल्यांचीही. तुझं नाव मी दिलंय. सकाळच्या एसटीने ये. मी स्टँडवर असेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तपासून घे.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
ललिता