खापरपणजोबांचा धाकटा भाऊ सापडला, त्याची हकिकत

वारजे, रविवार सकाळ

तीर्थस्वरूप मुक्ताआक्कास,

श्यामचा वाकून नमस्कार. अक्षर ओळखून पाकीट बाजूला सारायच्या आत एवढं वाच, की इकडे सगळे धडधाकट आहेत, कोणी गेलेलं नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींची साखर? (चहात गूळ घालून ते 'साखर सोडली' असं सांगत फिरतात, ही बातमी मला तुझ्या विक्रमकडून मिळते.) फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर माझा नमस्कार एकाच राखाडी खुणेवर अडकून पडतो. म्हणून हे पत्र.

तर झालं असं. दिवाळीनंतर मॉरिशसहून एका बाईंचा मेसेज आला. नाव मैना जेनबा, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या एका पूर्वजाला दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यात राबायला जहाजातून नेलं होतं. तिथल्या जुन्या दप्तरात त्याची नोंद सापडली: नाव गेनबा, बापाचं नाव बापू, गाव वुर्जा (म्हणजे आपलं वारजे), तालुका हवेली. गोऱ्या कारकुनाने गेनबाचा जेनबा केला आणि पुढे तेच घराण्याचं आडनाव झालं. बाईंनी वारजेकरांच्या फेसबुक ग्रुपवर चौकशी केली. त्या ग्रुपवर कचऱ्याची गाडी का आली नाही याखेरीज दुसरा विषय नसतो, त्यामुळे दोन दिवस लोक त्यांनाही गाडीची वेळच सांगत होते. मग कोणीतरी माझं नाव सुचवलं. निवृत्त माणूस मोकळाच असतो अशी गावाची ठाम समजूत आहे.

मला आपल्या आबांची गोष्ट आठवली. खापरपणजोबा रंगराव आणि त्यांचा धाकटा भाऊ. धाकट्याने बैल शेजाऱ्याच्या उभ्या ज्वारीत जाऊ दिले, म्हणून रंगरावांनी भर चावडीसमोर त्याच्या थोबाडीत दिली, आणि तो अनवाणी निघाला तो परत आलाच नाही. आबा त्याचं नाव घेत नसत, नुसतं 'धाकला' म्हणायचे. पण रंगरावांच्या बापाचं नाव बापूराव, हे मला सातबाऱ्याच्या भांडणांमुळे तोंडपाठ आहे. म्हणून भाग्यश्रीला घेऊन नाशिकला गेलो, आपल्या घराण्याची वही ज्यांच्याकडे असते त्या उपाध्यायांकडे. उपाध्याय वयाने आपल्या तेजस्विनीएवढे, पण मोडी घडाघडा वाचतात. फक्त दीड तास त्यांनी हवेली तालुक्यातल्या भलत्याच घराण्याचे पूर्वज वाचून दाखवले. (भाग्यश्री हळूच म्हणाली, हे लोक तुमच्यापेक्षा बरे दिसतात, हेच घेऊ या.) शेवटी आपलं पान निघालं.

आक्का, रंगराव नाशिकला तीनदा आले होते. पहिल्यांदा आईच्या अस्थी घेऊन. तेव्हाची नोंद: 'धाकटा बंधू गेनबा दर्यापार, हयात आहे.' नऊ वर्षांनी पुन्हा आले, पुन्हा तेच, 'हयात आहे'. तिसऱ्या वेळी म्हातारे झाले होते, सोबत मुलगा होता. तेव्हा लिहिलंय, 'हयात असावा.' आणि शेजारी बारीक अक्षरात, 'पिंड देण्यास नकार'. उपाध्याय म्हणाले, इतकी वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचं लोक उरकून टाकतात, यांनी तिन्ही वेळा ऐकलं नाही. मी खिशात रुमाल शोधू लागलो तर भाग्यश्रीने तिचा पदरच पुढे केला. (तोही ओलाच होता.)

मैनाताई गेल्या शनिवारी आल्या. विमानतळावर मी 'मैना जेनबा' असा पुठ्ठा धरून उभा होतो. एक बाई हसत आल्या, बॅग माझ्या हातात दिली आणि गाडीत बसल्या. कात्रजच्या एका हॉटेलात त्यांच्या पुतणीचं लग्न असल्याचं मला पार्किंगच्या बाहेर पडल्यावर कळलं. परत फिरून खऱ्या मैनाताई शोधल्या. चष्मा, पांढरे आखूड केस, आणि बोलणं ऐकलंस तर दचकशील. 'हाय', 'न्हाय', 'कवा आलासा'. थेट आपली आजी! आपली तेजस्विनी दर वाक्याला 'ॲक्च्युअली' म्हणते, आणि सहा पिढ्या समुद्रापलीकडे काढलेली बाई आजीसारखं बोलते. जेवताना मी त्यांच्या तोंडाकडेच बघत बसलो, आमटी शर्टावर.

त्यांना ते ज्वारीचं शेत बघायचं होतं. तिथे आता बारा मजल्यांची सोसायटी आहे, नाव कुठल्याशा इटलीतल्या गावाचं. मैनाताईंना मूठभर माती हवी होती. मी बागेत खुरपं टेकवलं तोच सेक्रेटरी अवधूत धावत आले. म्हणाले, मातीसाठी लेखी अर्ज द्यावा लागेल, कमिटी पुढच्या महिन्यात बसते. मी म्हटलं, अहो, ही जमीन आमचीच होती. ते म्हणाले, होती ना? मग आता अर्ज करा.

संध्याकाळी गॅलरीत बसून मी त्यांना वहीतल्या तिन्ही नोंदींचे फोटो दाखवले. त्यांनी स्वतः मोबाइल डोळ्यांजवळ धरला, मोडी वाचता येत नव्हती तरी अक्षरांवरून बोट फिरवत गेल्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरात सांगत्यात, म्हातारा मरस्तोवर एकच बोलायचा. थोरला रागावलाय. राग गेला की मला न्यायला येईल."

आक्का, एक इकडे पिंड देत नव्हता आणि एक तिकडे वाट बघत होता. दोघांचं आयुष्य गेलं. भाग्यश्रीने आमच्या तिघांचे चहाचे कप पुन्हा भरले.

मग त्यांनी सहज विचारलं, "तुमास्नी भाऊबहीण?"

मी म्हटलं, एक थोरली बहीण आहे, येरवड्याला.

"लांब हाय?"

"चौदा किलोमीटर."

त्या म्हणाल्या, "विमानतळावरनं आलो तवा येरवडा लागलं. पाटी वाचली म्या. मग तिच्याकडं का न्हाय थांबलो?"

मी काहीतरी ट्रॅफिकचं बोललो. भाग्यश्री उठून आत गेली. आणि मग मी या बाईंना, ज्यांना मी पाच दिवसांपूर्वी पाहिलंही नव्हतं, आमच्या लेकीच्या, तेजस्विनीच्या लग्नाची सगळी कथा सांगितली. पत्रिकेवर तुझं आणि दाजींचं नाव राहिलं, तू मांडवात आली नाहीस, मी समजूत काढायला आलो नाही, आणि बघता बघता चार वर्षं झाली. सांगताना मला वाटत होतं की माझी बाजू भक्कम आहे. सांगून झाल्यावर ती फारच किरकोळ निघाली.

मैनाताई परवा परत गेल्या. जाताना वाकून नमस्कार करायला लागल्या, मी घाईघाईने खाली वाकलो आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. त्यांनी तुझ्यासाठी साडी ठेवलीय. रंग तुला आवडणार नाही, पण ती आपल्या चुलतघराण्यातून आलीय.

दाजींना नमस्कार, विक्रमला आशीर्वाद.

तुझा,
श्याम

ता. क. मैनाताई जी माती घेऊन गेल्या ती शेतातली नाही. कमिटी बसेना, म्हणून मी खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून पिशवी आणली. त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, कळलं मला, पिशवीवर किंमत हाय. तरी घेऊन गेल्या.

ता. क. २. पत्रिकेत प्रेसवाल्याची चूक नव्हती आणि भाग्यश्रीचीही नव्हती. तिने प्रूफ बघून मला दोनदा सांगितलं होतं. जागा कमी पडत होती आणि मला नगरसेवकांचं नाव घालायचं होतं. ते लग्नाला आलेही नाहीत. चूक माझी, आक्का. हे मी आजवर कोणाला बोललो नव्हतो, तुझ्यावरचा राग धरून बसलो होतो, कारण तो सोपा होता.

ता. क. ३. पोस्टाने पाठवणार होतो, पण धीर निघेना. हे शेवटचं तुझ्या सोसायटीच्या गेटवर लिहितोय. वॉचमन पाकीट वर आणून द्यायला तयार आहे, मला सोडायला नाही. वहीत 'नातं' असा रकाना आहे, तिथे मी 'भाऊ' लिहिलं. तो म्हणतो, तीन वर्षं इथे हाय, मॅडमना भाऊ हाय हे कधी ऐकलं न्हाय. भाग्यश्री गाडीत बसलीय. म्हणते, आधी तुम्ही जाऊन बोलणी खा, उरलं तर मला बोलवा. तेव्हा इंटरकॉमवरून त्याला एवढं सांग, की आहे. काय बोलायचं ते वर आल्यावर बोल. इथे खुर्ची एकच आहे आणि ती त्याची आहे.