पंचनाम्याशिवाय खून नाही

१ जुलै
शहाद्याच्या वाचनालयाची रहस्यकथा स्पर्धा. पंधराशे शब्द. ३१ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत हस्तलिखित पोहोचवायचं. बक्षीस माझंच. सगळ्या कथांमध्ये डिटेक्टिव्ह सुरा रुमालात गुंडाळून खिशात टाकतो. पंचनामा नाही, सील नाही! घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून हे थांबवणं माझं काम.

४ जुलै
पोलीस ठाण्यात माहिती घ्यायला गेले. हवालदार वहाबभाईंनी विचारलं, खून कुठे झाला. मी म्हटलं, कळसाडी शिवारात, उसात. ते टोपी घालून उभेच राहिले. मेलेला माणूस मी अजून जन्मालाच घातलेला नाही, हे समजवायला अर्धा तास गेला. शेवटी चहा पाजला. खूप आदर दिसला.

१० जुलै
सुरुवात झाली. प्रेत उसात. मयताचा साडू मोठमोठ्याने रडतोय. इन्स्पेक्टर अर्शिया दोन पंच शोधतेय. कोर्टाच्या तारखांना घाबरून गावात कोणी तयार नाही. हे खरं वास्तव.

१५ जुलै
पंच मिळाले. नव्या कायद्याप्रमाणे पंचनाम्याचा व्हिडिओ काढायचा, तर अर्शियाचा मोबाईल डिस्चार्ज. गावात लाईट नाही. शब्द झाले नऊशे.

१९ जुलै
शेजारच्या भटूआप्पांच्या विहिरीवरून मोटरची केबल चोरीला. खरी केस! आई भाकरी थापता थापता म्हणाली, "भूपेशनी नेल्ही व्हई. तेना हातमा नवा मोबाईल दिखना नही का तुले?" भूपेश म्हणजे आप्पांचा पुतण्या. आईला सांगितलं, संशय म्हणजे पुरावा नाही. आईने भाकरी उलटली.

२० जुलै
वहाबभाई पंचनाम्याला आले. कोणी पंच होईना. मी पुढे झाले, मैत्रीण शगुफ्तालाही ओढलं. विहीर ते निंब हे अंतर मी तीनदा मोजायला लावलं. वहाबभाई म्हणाले, असा पंच नोकरीत पाहिला नाही. पदवी धरून ही दुसरी मोठी शाबासकी.

२७ जुलै
चौदाशे शब्द. प्रेत अजून उचललेलं नाही. शगुफ्ताने विचारलं, खुनी कोण? पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आल्याशिवाय मी कसं सांगणार?

३१ जुलै
केबल सापडली. आई भूपेशच्या घरी गेली आणि सरळ विचारलं. त्याने चाऱ्याखालून काढून दिली, म्हणे. जप्ती पंचनाम्यासाठी मला ठाण्यात बोलावलं. कथा पिशवीतच, वाचनालय समोर. केबल तक्रारीतल्यापेक्षा चार फूट कमी भरली. मी परत मोजायला लावली. परत कमी. वहाबभाई म्हणाले, "ताई, तुमचं काम करून या ना, मी थांबतो." पण पंच अर्ध्यावर उठला तर पंचनाम्याला काय अर्थ? सही झाली तेव्हा समोर कुलूप लागलेलं.

१ ऑगस्ट
कथा आईला वाचून दाखवली. ती भेंडी चिरत होती. पहिलं पानही संपलं नव्हतं.
"साडूनीच मारं तेले. इतलं जोरमा कोन रडस?"
मी अजून ठरवलं नव्हतं. दुपारभर विचार केला. साडूच आहे.
पण आईकडे पंच नव्हते.