भजी कुठल्याच देवाची नाहीत

२८ एप्रिल १९५७, रविवार

पुरणपोळी गेली!

आज गॅलरीत बसून बुद्धजयंतीच्या जेवणाची यादी करायला घेतली. १३ मेला जयंती. दीक्षा घेतल्यानंतरची पहिलीच. चाळीस माणसं, आपल्या खोलीत रांधप, गॅलरीत पंगत — मी सभेत बोलून मोकळा झालो, टाळ्या पण घेतल्या. आता रांधायचं काय?

मी म्हटलं, पुरणपोळी. बायको, बकुळा, म्हणाली, "ती होळीची." बरं, करंज्या. "दिवाळीच्या." वडे? "म्हाळाचे. पितर जेवायला बोलावताय काय?" मोदकाचं नाव मी काढलंच नाही. शिरा म्हटला तर शेजारचे बाबुराव ओरडले, "सत्यनारायण!" — जसं काही साप निघाला. मटण पंचशीलात बसत नाही. सुके सोडे बसतात का यावर बाबुराव अर्धा तास भांडले. म्हणे, ते तर आधीच मेलेले असतात.

एकेका पदार्थावर कुठला ना कुठला देव बसलेला! आपण देव सोडले, पण सगळी खाणी त्यांच्याकडेच राहिली. शेवटी सूनबाई आतून म्हणाली, "मामा, भजी घ्या. भजी कुठल्याच देवाची नाहीत."

ललिता बोलते कमी, पण बोलली की खिळा ठोकते. यादीत पहिलं नाव — भजी.

१ मे

बटाट्याची की कांद्याची, यावर चाळीत दोन तट. बटाटा जिंकला.

३ मे, शुक्रवार

गोड ठरलं — खीर. सुजातेनं गौतमाला दिली तीच. कशी होती, ते पुस्तकात दोन ओळींत आटपलंय. दूध किती, गोड काय, वेलची होती का — काही नाही. लिहिणारा पुरुष असणार.

खरं म्हणजे बाबासाहेबांना विचारायला हवं होतं. त्यांनी बावीस प्रतिज्ञा सांगितल्या, जेवणाची तेविसावी सांगायची राहिली. आता विचारायचं कुणाला? लिहिता लिहिता डोळे भरून आले. म्हातारपण.

दूध एका कार्डावर दोन बाटल्या. चाळभर फिरून कार्डं गोळा केली. समोरच्या चाळीतला सीताराम मालवणी मराठा, समितीचा गडी, झोपतानाही बिल्ला काढत नसावा. त्यानं पण आपलं कार्ड दिलं. वर सल्ला — "शामराव, गूळच घाला हां! दूध, तांदूळ, गूळ, तिघं एका टोपात, झाला संयुक्त महाराष्ट्र! साखर पण घातलात तर द्विभाषिक होतला."

बकुळा म्हणाली, "गरम दुधात गूळ घातला की फाटतं, भावोजी. तुमचं निवू दे, मग घाला."

सीताराम बिल्ला पुसत निघाला. साखर ठरली.

६ मे, सोमवार

रे रोडहून विहीणबाई आल्या. सुंदराबाई. डोक्यावर कैऱ्यांची पाटी, ललिताला डोहाळे कैरीचे म्हणून. पाटी खाली ठेवली नाही तोच म्हणाल्या, "तेराला गिराण हाय."

मी म्हटलं, असेल.

"असंल काय! पुनवंच्या रात्री चंद्रगिराण. खग्रास! सांज झाली की येध लागतात. रांधायचं न्हाय, खायचं न्हाय. आन तुमी चाळीस मान्सं जेवायला घालताय! माजी लेक भरल्या दिवसांची. मी तिला न्यायला आलेय."

मी उठून उभा राहिलो. आवाज चढवला. म्हटलं, विहीणबाई, आपण धम्म घेतलाय. ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात!

"मी पन घेतल्यात की, दादरला. हात वर करून. मोजून बावीस ऐकल्या. त्यात गिराणाचं कुठं व्हतं?"

मी पेटी उघडून प्रतिज्ञांचा कागद काढला. चष्मा लावून पहिलीपासून बाविसावीपर्यंत वाचला. खरंच नाही! पुन्हा उलटा वाचला. तरी नाही.

मग ललिता म्हणाली, "आई, मी इथंच राहणार. जेवण ठरवलंय." सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला, पण गेल्या नाहीत. तेरा तारखेपर्यंत मुक्काम. म्हणजे पहारा.

८ मे

पाहुण्यांना झालंय तरी काय? वेळ मी संध्याकाळी सातची दिलीय. चंद्र उगवेल, वंदना म्हणू, मग पंगत. तर कमलाबाई सांगून गेल्या, "आमी जरा पाचला येऊ, चालंल न्हवं? ह्यांना उशिरा खाल्लं की आंबट ढेकर येतात." ह्यांना म्हणजे बाबुरावांना! ते दुसरी पाळी सुटल्यावर कांद्यासंगट भाकरी खाऊन घोरतात, मी भिंतीपलीकडून ऐकतो.

चौथ्या खोलीतल्यांची मुलगी लवकर झोपते. कोपऱ्यातल्यांकडे पाहुणे यायचेत. खालच्या मजल्यावरच्या तिघांना एकाच दिवशी वाताचा त्रास सुरू झाला. पाचच्या आत जेवायला मात्र सगळे तयार.

ग्रहणाचं नाव एकानंही काढलं नाही.

९ मे

वेळ बदलणार नाही. सात म्हणजे सात! फळ्यावर खडूनं मोठं लिहून आलो.

११ मे, शनिवार

या पानाला खोटं सांगत नाही. आज मी एक गोष्ट केली.

बकुळा नळावर गेली तेव्हा विळी, सुरी आणि कातर उचलली, जुन्या कोटात गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी ठेवली. बकुळेला सांगितलं, धार लावायला दिलीत, मंगळवारी मिळतील. तिनं माझ्याकडे पाहिलं.

का केलं ते लिहून टाकतो. पंचावन्नच्या जूनमध्ये सूर्यग्रहण होतं. ललिता पोटुशी होती. तिनं भेंडी चिरली. मूल जन्मलं ते ओठ दुभंगलेलं, दूध ओढता येईना. नऊ दिवस. मुलगा होता. सगळे म्हणाले, ग्रहणात चिरलं म्हणून. सुंदराबाई स्वतःच्या लेकीला बोलल्या. भेंडी चिरलेला लाकडी मुठीचा चाकू तिला नाल्यात फेकून द्यायला लावला. आमचा दगडू आठवडाभर बायकोशी बोलला नाही. मी पण गप्प बसलो.

आणि ती भेंडी मी मागितली होती. "सूनबाई, आज भेंडी कर गं, कुरकुरीत." घरात तेव्हा आम्ही दोघंच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिनं पण नाही.

पृथ्वीची सावली आहे हे मला ठाऊक आहे. गोदीत तीस वर्षं काढली, खोक्यांवरची अक्षरं बघून बघून वाचायला शिकलो, सावली म्हणजे काय ते मला कळतं. पण विळी पेटीतच असू दे.

१२ मे

उसळीचे मूग, तेल, तांदूळ आले. बटाटे दहा शेर. कैऱ्यांची पाटी तशीच. त्यांचं उद्या ताजं लोणचं.

१३ मे, सोमवार (हे जेवणानंतर, हात पुसून)

काय दिवस गेला! क्रमानं लिहितो.

दुपारी बकुळा बटाटे घेऊन बसली आणि म्हणाली, "विळी?" मी म्हटलं, धारवाल्याकडे. "मग कमलाबाईंची आणते." गेली आणि रिकामी आली. त्यांची पण धार लावायला! चौथ्या खोलीत गेली — धार लावायला. कोपऱ्यातल्यांची — धार लावायला. खालचा मजला, सगळाच्या सगळा — धार लावायला. सीतारामकडे माणूस पाठवला, तर त्याची बायको म्हणाली, "आमची पण धार लावूक दिली हा."

बकुळा गॅलरीच्या मधोमध उभी राहिली, कमरेवर हात, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली — "धारवाला ह्या गल्लीत शिमग्यापास्नं फिरकला नाय!"

कुणी कठड्याकडे बघतंय, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. बाबुराव उगाच खोकले. मला खोकला पण येईना.

अख्खी चाळ — प्रत्येकानं ललितासाठी आपापली हत्यारं लपवलेली, आणि दुसऱ्याला कळू नये म्हणून प्रत्येकाचा आटापिटा! दगडू तर सकाळपासून दाढी न करता फिरत होता. म्हणाला, ब्लेड संपलं.

सुंदराबाईंनी कपाळाला हात लावला. "आन मला म्हनत व्हते, पुर्थ्वीची सावली!"

आता भजी कशाची? दहा शेर बटाटे, चाळीस माणसं, आणि एक पातं नाही. तेव्हा सुंदराबाईच उठल्या. पदर खोचला. "मूग भिजत हाईत न्हवं? पाटा आना." मूग वाटले. कांदा बुक्कीनं फोडला. कोथिंबीर हातानं तोडली. मिरच्या खलबत्त्यात. बटाटे उकडून हातानं कुस्करले, त्यांची सुकी भाजी. कैऱ्यांचं मात्र काही करता येईना, त्या तशाच पाटीत राहिल्या. दिवसभर चुलीसमोर विहीणबाई — वेध लागेपर्यंत, आणि लागल्यावर पण! मी आठवण केली तर म्हणाल्या, "गप बसा. त्याल तापलंय."

पाच वाजता एकजणही आला नाही. मला वाटतं, विळ्यांच्या भानगडीनंतर पाचला यायची कुणाची छाती झाली नाही. सातला सगळे आले, ठेवणीतल्या कपड्यांत. चंद्र उगवला, चांगला थाळीएवढा. वंदना म्हटली. पहिल्या तीन ओळींना चाळ दणाणून गेली, पुढे फक्त मी आणि बाबुराव, तेही वेगवेगळं.

मग पानं वाढली. भजी, भाजी, पुऱ्या, वाटीत खीर.

आणि कुणीही हात लावेना.

चाळीस माणसं मांडी घालून, भज्यांची वाफ नाकात जातेय, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मी घास उचलला की झालं! भजं उचललं — पण ते तोंडाकडे जाईना. समोर भिंतीला टेकून ललिता बसलेली. तिच्याकडे नजर गेली आणि हात तसाच राहिला. एवढी भाषणं केली मी. एक भजं खाता येईना.

तेवढ्यात ललितानं माझ्या हातातलं भजं घेतलं आणि अख्खं तोंडात टाकलं.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "मला भूक लागलीय, मामा. आम्हाला दोघांना."

सगळ्यांनी सुंदराबाईंकडे पाहिलं. बाई उठल्या, परात घेऊन लेकीसमोर गेल्या, आणि तिच्या पानात आणखी चार भजी वाढली. "खा. आन वरनं खीर घे, मुगानं उष्ण पडंल."

मग जे सुटले सगळे! बाबुरावांनी एकोणीस भजी खाल्ली. आंबट ढेकर एक नाही. सीताराम म्हणाला, "खीर द्विभाषिक, पण झकास!" खिरीचं टोप बकुळेनं धुवायला घेतलं तेव्हा धुण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी काय करायचं, हा प्रश्न आता नाही. मुगाची भजी. न चिरता.

ललिता म्हणतेय, कंबर दुखतेय. दिवसभराची दगदग. कमलाबाईंना बघून जा म्हटलंय — चाळीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर आलेली. त्या म्हणाल्या, अजून पंधरा दिवस तरी नाही.

१४ मे

नात! पहाटे चारला, ग्रहण अगदी भरात असताना.

कमलाबाई आतून ओरडल्या, "पातं आना! नाळ कापायचीय!" आणि गॅलरीत जी पळापळ झाली — पेट्या उघडल्या, गाद्या उलटल्या, धारवाल्याकडची हत्यारं सगळ्या दारांतून बाहेर! मी कोटासकट विळी घेऊन धावलो. दारात पोचलो तोवर ललिता म्हणाली, "उशीखाली बघा."

उशीखाली लाकडी मुठीचा चाकू. तोच — म्हणजे नाल्यात टाकलाच नव्हता. पात्याला कैरीची हिरवी साल चिकटलेली, आणि कोपऱ्यात मिठाची पुडी. रात्री झोप येईना म्हणून ग्रहण लागल्यावर बसून बाईनं दोन कैऱ्या चिरून खाल्ल्या होत्या!

कमलाबाईंनी चाकू उकळला. सुंदराबाईंनी दिवा धरला.

ओठ चांगले आहेत. दूध ओढते. ओढते कसली, ओरबाडते!

सकाळी खोलीत दोघंच असताना मी सांगून टाकलं — सूनबाई, ती भेंडी मी मागितली होती.

"ठाऊक आहे, मामा," ती म्हणाली. "मला पण खावीशी वाटली होती."