‘आमच्या चुका’मधली पहिली नोंद

अप्पा, तुमचं नाव मी खराब केलं. हे माझे शब्द नाहीत, ग्रुपमधल्या लोकांचे आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या गाड्या कधी ना कधी तुमच्या हाताखालून गेलेल्या आहेत. तुम्ही असता तर भुवई चढवून विचारलं असतंत, कसला ग्रुप? तर तेच आधी सांगते. ज्यांच्या घरी जुन्या गाड्या आहेत अशा माणसांची इंटरनेटवर एक बैठक आहे. कुणी म्हैसूरचा, कुणी मंड्याचा, कुणी परदेशात नोकरीला आणि गाडी इथे आजोबांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. तिथे फोटो टाकतात, प्रश्न विचारतात, एकमेकांची वाहवा करतात. दिवसभर ऑफिसात संगणकापुढे बसून झालं की मी त्या बैठकीचा कारभार पाहते. तो माझ्याकडे आला, कारण मी ‘मास्टरांची मुलगी’. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, मंडी मोहल्ल्यातल्या आपल्या गॅरेजात आता मोबाइलची कव्हरं विकतात, तरी या नावावर मला अजून मान मिळतो. आयुष्यात एकदाही पाना हातात न धरता मिळालेला.

बैठक माझ्याकडे आली तेव्हा तिथे नुसती आरास होती. दसऱ्याला राजवाड्यासमोर गाडी उभी करायची, बोनेट आरशासारखं घासायचं, टायरांना काळं पॉलिश करायचं आणि फोटो टाकायचा. गाडी चालते का, हे विचारणं असभ्यपणाचं. कुणी खरोखरीचा प्रश्न विचारला तर वीस उत्तरं यायची, वीसही वेगळी, आणि गाडी दुरुस्त झाली की विचारणारा गायब. कोणत्या उत्तराने झाली हे कुणालाच कळायचं नाही. ज्यांना कळत होतं ते मिस्त्री तिथे नव्हतेच, कारण सगळा मामला इंग्रजीत. मी म्हटलं, हे असं चालायचं नाही. विचारणाऱ्याने परत येऊन काय झालं ते सांगायचं, नाहीतर त्याला पुढचा प्रश्न नाही. मिस्त्रींनी आपापल्या भाषेत, कन्नडात, उर्दूत, आपल्या सरमिसळ मराठीत बोलून पाठवायचं, लिहून काढायचं काम आमचं. नजरबादचे एक म्हातारे मिस्त्री कार्ब्युरेटरवर अकरा मिनिटं बोलले; मागून त्यांची बायको जेवायला या, जेवायला या म्हणत होती. ते लिहून काढताना मला तुमची आठवण आली आणि रागही आला, कारण तुम्ही असं कुणाशी कधी बोलला नाहीत. ‘गिऱ्हाइकाला गाडी द्यायची, विद्या द्यायची नाही,’ हा तुमचा नियम. मलाही दिली नाहीत. शाळा सुटल्यावर मी गॅरेजातल्या टेबलाशी अभ्यासाला बसायचे आणि जरा उठून इंजिनात डोकावले की तुम्ही मान वर न करता म्हणायचात, ‘तुझं पुस्तक तिकडं आहे.’ तर अप्पा, तो तुमचा नियम मी धडधडीत मोडलाय. रागवायचं तर रागवा.

सगळ्यात शेवटी मी एक सदर उघडलं, ‘आमच्या चुका’. प्रत्येकाने आपल्या हातून झालेली एक चूक लिहायची, म्हणजे दुसरा ती करणार नाही. चार महिने तिथे चिटपाखरू फिरकलं नाही. ही माणसं स्वतःच्या घटस्फोटावर मोकळेपणी बोलतील, पण गिअरबॉक्समध्ये चुकीचं तेल घातलं हे कबूल करणार नाहीत. मला सारखं वाटायचं, कुणीतरी पहिलं व्हायला हवं. ते कुणीतरी आपल्याच घरातलं निघेल असं काही डोक्यात नव्हतं.

मग एका रविवारी एका तरुण इंजिनिअरने विचारलं. आजोबांची ॲम्बॅसिडर घेऊन तो दुपारी आईला डोंगरावर देवीच्या दर्शनाला नेणार होता. ब्रेक ऑइल कमी दिसतंय, दुकान बंद आहे, काय करू? आणि आमच्यातल्या एका जुन्या सभासदाने ताबडतोब सांगून टाकलं, इंजिनाचं तेल घाल थोडं, काही होत नाही. मंडी मोहल्ल्याचे मास्टर घालायचे, मी डोळ्यांनी पाहिलंय. खाली बाराजणांनी पसंतीचा अंगठा वर केला. मी लगेच लिहिलं, घालू नका, गाडी बाहेर काढू नका. तर वादच सुरू झाला. एकाने फार नम्रपणे विचारलं, आपण मास्टरांच्या कन्या आहात हे खरं, पण आपण स्वतः कधी काम केलंय का? केलं नव्हतं, अप्पा, आणि ते न करण्याची सोय तुम्हीच करून ठेवली होती. त्या मुलाला मी फोन केला, त्याने गाडी जागची हलवली नाही. पण बाकीच्यांच्या मनात राहिलंच, मास्टर घालायचे. उद्या दुसरा कुणी घालणार, तुमचं नाव घेऊन.

त्या जुन्या सभासदाने पाहिलं ते खोटं नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या गॅरेजात रिकामा डबा टाकायचा नाही अशी रीत होती. ब्रेक ऑइलच्या डब्याला छान चोच असायची, म्हणून तो संपला की त्यात इंजिनाचं तेल भरून ठेवायचं; तेच त्याने पाहिलं असणार. खूण काही नाही, कारण कोणत्या डब्यात काय आहे हे मास्टरांच्या हाताला पाठ. मी तेव्हा अकरावीत होते. नजरबादच्या एका मोठ्या घरची काळी गाडी तुमच्याकडे होती, आणि देवीला जायचं म्हणून ते लोक घाई करत होते. तुम्ही त्या दिवशी चुकीचा डबा उचललात आणि ब्रेकमध्ये इंजिनाचं तेल गेलं. माणसाच्या हातून होतं असं. चौथ्या दिवशी डोंगर उतरताना पेडल तळाला गेलं. ड्रायव्हरने गाडी आतल्या बाजूच्या दरडीला घासत नेऊन थांबवली, दरीकडे जाऊ दिली नाही. मालकीणबाईंचा हात मोडला, बाकी सगळे वाचले. गाडी ओढून आपल्याकडेच आणली. मालक तणतणत आले. मी टेबलाशी बसलेले आहे, रसायनशास्त्राचं पुस्तक उघडं आहे, आणि तुम्ही हात पुसत पुसत म्हणता, ‘उतारावर न्यूट्रल टाकला असेल. पेट्रोल वाचवायला टाकतात हे लोक.’ असेल, एवढंच म्हणालात. तेवढं पुरलं. ड्रायव्हरला त्याच संध्याकाळी काढून टाकलं, आणि म्हैसुरात बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो, त्याला पुन्हा कुणी गाडीवर ठेवलं नाही.

तुम्हाला तेव्हाच खात्री होती असं मी म्हणत नाही. खात्री तुम्ही नंतर करून घेतलीत, आपल्या स्वयंपाकघरात. फळीवर आईच्या दोन स्टीलच्या वाट्या, एकीत ब्रेक ऑइल, दुसरीत इंजिनाचं तेल, आणि दोन्हींत ब्रेकच्या नळकांड्यातलं एकेक रबर. आई ओरडत होती की माझ्या वाट्या बाटवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला गेले तर एका वाटीतलं रबर होतं तसं होतं आणि दुसऱ्या वाटीतलं फुगून पिळलेल्या जिलबीसारखं झालं होतं. मी ते बोटाने दाबून पाहत होते तेव्हा तुम्ही आलात. माझ्याकडे पाहिलंत. मग दोन्ही रबरं वर्तमानपत्रात गुंडाळलीत, वाट्या स्वतः राखेने घासल्यात आणि कामाला गेलात. घरात तुम्ही भांडं घासलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या दिवसापासून आपल्या गॅरेजात प्रत्येक डब्यावर तांबड्या रंगाने नाव लिहिलेलं असायचं. म्हणजे धडा तुम्ही घेतलात, अप्पा. तो दुसऱ्या कुणाला दिला नाहीत, एवढंच.

लिहायचं ठरवलं तेव्हा मी ग्रुपमधल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांना आधी फोन केला. ते बँकेतून निवृत्त झालेले, पुण्याहून इथे आलेले, त्यांची जुनी हेराल्ड गाडी तुम्ही मरायच्या वर्षी उभी करून दिली होती.  ते म्हणाले, घरची धुणी चव्हाट्यावर धुवायची नसतात, मास्टर काही आता उत्तर द्यायला येणार नाहीत. मी म्हटलं, ते होते तेव्हा तरी कुठे दिलं? ड्रायव्हर आहे अजून. त्यालाही उत्तर द्यायला कुणी बोलावलं नाही. यावर त्यांनी मला सांभाळून राहायचा सल्ला दिला आणि फोन ठेवला.

ड्रायव्हर हिनकलला लेकीकडे राहतो. आपल्याच मराठी लोकांतला, पणजोबा राजाच्या फौजेत असलेला. पत्ता काढून मी गेले. लेकीने कॉफी दिली. मी कोण ते सांगितल्यावर त्याने ओळखल्यासारखी मान हलवली आणि पाय खाटेवर घेतले. मी सगळं सांगितलं, डबा, वाट्या, तुमचं ते ‘असेल’. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, नाहीतर रडेल, नाहीतर जाऊ दे म्हणेल. जाऊ दे म्हणाला असता तर, खरं सांगते, मी सुटले असते. त्याने कप खाली ठेवला. मग त्याने विचारलं, रबर किती फुगलं होतं? मी बोटांनी दाखवलं. तो म्हणाला, ‘हौदा, असं होय. मग बरोबर. सेकंड गिअरात होती गाडी, पोरी. न्यूट्रल सुम्ने, उगीच, कोण टाकील डोंगरावर? ब्रेकवर पाय होता माझा. अष्टे, एवढंच. तेवढं लिही. माझं नाव घालून लिही.’

मी लिहिलं. त्याचं नाव घातलं, तुमचंही घातलं. माझ्या स्वयंपाकघरात दोन काचेच्या वाट्यांत पुन्हा तीच परीक्षा केली आणि रोज एक फोटो असे तीन दिवसांचे फोटो खाली लावले, म्हणजे मी काम केलंय का असं कुणी विचारायला नको. ‘आमच्या चुका’मधली ती पहिली नोंद. त्या आठवड्यात सहाजण ग्रुप सोडून गेले. बँकेवाल्यांनी मोठा मजकूर लिहिला की काही मुलं आईबापांच्या चितेवर आपली पोळी भाजून घेतात. त्यांना काढून टाका असा काहीजणांनी आग्रह धरला, मी काढलं नाही, बोलू देत. दहाव्या दिवशी नजरबादच्या त्या मिस्त्रींनी दुसरी नोंद पाठवली, बोलूनच, बहुधा दार लावून, कारण या वेळी मागून बायकोचा आवाज नव्हता. आता तिथे एकतीस चुका आहेत. त्या वाचून किती गाड्या थांबल्या असतील मला माहीत नाही, पण त्याआधी फोनवर थांबलेली त्या मुलाची ॲम्बॅसिडर मला माहीत आहे. ड्रायव्हरच्या लेकीचा फोन आला होता. तिने नोंद त्याला कन्नडात करून वाचून दाखवली, त्याने दोनदा वाचायला लावली, मग अंघोळ करून देवळात गेला म्हणाली.

तेव्हा मला माफ वगैरे करू नका, मी मागत नाही. तुम्ही थोर मिस्त्री होतात हे मी नोंदीच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय आणि ते मला मनापासून वाटतं. ज्या हाताने नुसतं बोनेटवर टेकून कोणता व्हॉल्व्ह बिघडलाय ते ओळखलं त्याच हाताने तो डबा उचलला. लोकांना पहिला हात तेवढा हवा आहे. मला दोन्ही हवेत, मी तुमची मुलगी आहे.

हे पत्र मी ग्रुपवर टाकणार नाही, कारण त्या नोंदीत एक वाक्य आहे. ‘त्या सकाळी वडिलांनी मला बजावलं की हे बाहेर कुठे बोलायचं नाही.’ ते वाचून लोकांना माझी फार कणव आली. एवढीशी पोर, काय दडपण असेल, असं बायकांनी लिहिलं, आणि ते मला बरं वाटलं. तुम्ही तसं काही बोलला नव्हतात. नुसतं पाहिलंत. ड्रायव्हर पुढे नजरबादच्या एका कचेरीच्या फाटकावर पहारेकरी झाला होता, माझ्या कॉलेजच्या वाटेवरच. खुर्ची टाकून बसलेला असायचा. मी तीन वर्षं पलीकडच्या बाजूने चालत गेले, कुणीही न सांगता. सगळ्यांच्या मागे चुका लिहा म्हणून लागते आणि ते एक वाक्य मी अजून बदललेलं नाही.