दार बंद होतं, एवढंच

क्वार्टर नंबर दोन,
दि. १४ ऑगस्ट २०२५

प्रिय जया,

आशीर्वाद लिहू की नमस्कार, हेच कळेना. वयाने मी मोठी, आता पदाने तू. तेव्हा दोन्ही समज.

इकडे ठीक आहे. धानाची रोवणी आटोपली, बांध्या पाण्यानं भरल्या आहेत आणि तापाचे पेशंट दवाखान्याच्या व्हरांड्यापर्यंत बसतात. परवा तुझे बाबा येऊन गेले. काकाजी अजून थोडे लंगडतात, पण जाळं घेऊन तळ्यावर जातातच. माझ्यासाठी झिंगे आणले होते. "जयाले सांगजो बाई, दिवाळीले तरी येऊन जाय म्हणाव," म्हणाले. निरोप पोचवला.

तुझ्या कॉलेजच्या प्रवेशयादीत माझं नाव लागलं म्हणून तू फोन केलास. "आता बिनधास्त ये, मी आहो ना इथी, पाहून घेईन," म्हणालीस. मी हो-हो केलं. फोनवर तू समोरच्याला बोलू देत नाहीस आणि मला तोंडावर भांडता येत नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे.

आपलं ठरलं काय होतं? दवाखान्यात सिस्टर आपण दोघीच. नर्सिंगची डिग्री दोघींनाही करायची होती, पण एका वेळी एकीलाच सोडणार. मीच म्हटलं, "तू आधी जाय. तू आली का मी जाईन." तालुका आरोग्य अधिकारी साहेबांनी तुझ्या जागी दुसरी सिस्टर दिली नाही. दोन वर्षं तुझ्या पाळ्याही मीच केल्या. त्याचं काही वाटलं नाही, खरंच. तू आलीस की माझा नंबर, एवढ्यावर मी ते ओढलं.

तू आलीस ती सामान न्यायला. कॉलेजात शिकवायची नोकरी लागली, पेढे वाटलेस, गेलीस. तेही गिळलं. ज्याला त्याला आपलं बघावं लागतं.

मग मी अर्ज केला, तर साहेबांनी बोलावून घेतलं. टेबलावर तुझा डिग्रीचा प्रकल्प. 'दवाखान्याबाहेर होणाऱ्या प्रसूतींची कारणे', छान निळी बांधणी. कारण पहिलं, परिचारिका जागेवर नसणे; खाली एका बाईचं वाक्य, 'दार बंद होतं.' नाव कोणाचंच नाही, गुप्तता पाळली आहेस. पण तळ्याकाठचं, एकच सिस्टर असलेलं आरोग्य केंद्र आपल्या भागात दुसरं कोणतं आहे, ते सांग. साहेब म्हणाले, "आताच जागेवर सापडत नाही, तिला शिकायला कशाला पाठवायचं?" अर्ज तिथंच पडून राहिला. यंदा त्यांची बदली झाली म्हणून सुटला. पुढच्या वर्षी मी वयात बसले नसते.

तुला विचारलं तेव्हा म्हणालीस, "अवो गोकुळाबाई, बायांनी जे सांगतलं तेच लिवलं मी. रिसर्चमंदी आपल्या मनाचं लिवता येत नाई." ते मी खरं मानलं आणि गावातल्या बायांवर चिडले. ज्यांची बाळंतपणं केली त्यांनीच माझ्याबद्दल असं सांगावं! तेव्हापासून कोणी चहाला बोलावलं तरी मी कोणाच्या घरात पाऊल टाकलं नाही.

मागच्या आठवड्यात नंदिनी तापलेल्या पोराला घेऊन आली. तीच, जी दवाखान्याच्या दारात ऑटोतच बाळंत झाली होती. मी तुटक बोलले. शेवटी तिनंच विचारलं, "काऊन वं बाई, माह्यावर काऊन राग?" मी सांगून टाकलं. तशी ती म्हणाली, "म्या तं जयाबाईले सगळं सांगतलं होतं. दार बंद होतं, कारण तिच्याच बापाले साप चावला आन् गोकुळाबाई त्याले घेऊन चंद्रपूरले गेली होती. तिनं माह्यासमोर लिवून बी घेतलं."

जया, तेव्हा तुझी परीक्षा चालू होती. अॅम्ब्युलन्समध्ये काकाजी माझा हात धरून म्हणत होते, "जयाले सांगू नको, तिचा पेपर बिघडन." पेपर संपल्यावर सांगितलं, तर तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. म्हणजे तुला माहीत होतं. दार कोणासाठी बंद होतं, हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी तू 'दार बंद होतं' एवढंच ठेवलंस आणि बाकीचं गाळलंस.

का, तेही आता कळतं. पुढचं लिहिलं असतंस, तर बदली सिस्टर न देणाऱ्या साहेबांवर बोट गेलं असतं, आणि इथून सुटून कॉलेजात नोकरी धरायला तुला त्यांचीच सही हवी होती. माझ्यावर बोट गेलं तर तुझं काय बिघडणार होतं? मला तुझा राग येतो, आणि त्याहून जास्त माझाच येतो, की मी इतके दिवस त्या गरीब बायांना शिव्या देत बसले.

काकाजींना हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. लेकीनं नाव काढलं असं त्यांना वाटतं. वाटू दे.

एक तारखेला मी हजर होते आहे. तू मला पाहून घेऊ नकोस. मार्क वाढवू नकोस, हॉस्टेलात चांगली खोली बघू नकोस, डब्यात माझ्यासाठी भाजी आणू नकोस. ओळखही दाखवू नकोस. तू हजेरी घेशील तेव्हा माझं नाव तुला घ्यावंच लागेल, आणि मी उभी राहून तुझ्या तोंडाकडे बघत 'हजर, मॅडम' म्हणेन. रोज म्हणेन. जया म्हणून हाक मारायची ही शेवटची वेळ.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
गोकुळा